परत ठेवायची जागा

सर्जिओ लिओनेच्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' (1966) या सिनेमाचा शेवट ज्यांनी पाहिलाय, त्यांना कब्रस्तानातलं ते गोल मैदान आठवत असेल. तिघं जण उभे आहेत. एन्यो मोरिकोनेचं संगीत चढत चाललंय. कॅमेरा डोळ्यांवर जातो, डोळ्यांवरून हातांवर, हातांवरून कमरेवर. बोटं आणि रिव्हॉल्व्हरची मूठ यांच्यात वीतभर अंतर आहे आणि ते अंतर लिओने मिनिटंच्या मिनिटं ताणत नेतो. वेस्टर्न सिनेमाचा सगळा जीव या वीतभर जागेत आहे.

आता उलटा प्रश्न. बंदूक परत म्यानात जाते, तो क्षण आठवतोय? फारसा आठवणार नाही. तोवर कॅमेरा पडलेल्या माणसाकडे गेलेला असतो. किंवा नायक बंदूक बोटावर गरागरा फिरवतो, ती आपोआप जागेवर जाऊन बसते आणि आपण शिट्टी मारतो. काढणं हे नाट्य, ठेवणं ही निव्वळ आवराआवर, असा या सिनेमाचा हिशोब आहे.

मला हा हिशोब चुकीचा वाटतो. होल्स्टर चांगलं की वाईट हे बंदूक परत ठेवताना कळतं. सिनेमाने झाकलेली ही गोष्ट उघडी पाडली ती सिनेमाच्याच प्रेमात पडलेल्या एका हौशी खेळाने. त्याचं नाव काउबॉय ॲक्शन शूटिंग.

नाव बदला, टोपी घाला

हा खेळ 1980च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियात सुरू झाला आणि 1987 मध्ये त्याची संघटना उभी राहिली : सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी, थोडक्यात 'सॅस'. खेळाडूकडे चार हत्यारं लागतात : दोन सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हर ॲक्शन रायफल आणि एक जुन्या धाटणीची शॉटगन. सिंगल ॲक्शन म्हणजे प्रत्येक गोळीआधी घोडा अंगठ्याने मागे ओढायचा आणि मग चाप दाबायचा. रिव्हॉल्व्हरमध्ये सहा घरं असतात, पण गोळ्या पाचच भरतात. घोडा ज्या घरावर टेकलेला असतो ते रिकामं ठेवायचं, म्हणजे धक्का लागून बार उडायची भीती नको. समोर पोलादी पत्रे असतात. गोळी लागली की टण्ण वाजतं. वेळ टायमरवर सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. नेम चुकला की दर चुकीला पाच सेकंद वाढतात.

इथपर्यंत हा एक सरळ खेळ आहे. गंमत पुढे आहे. प्रत्येक सभासदाला एक टोपणनाव घ्यावं लागतं आणि वेशभूषा करावी लागते. ही वेशभूषा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली चालते आणि वेस्टर्न सिनेमातली किंवा टीव्ही मालिकेतलीही चालते. 'बी-वेस्टर्न' नावाचा एक वेगळा गटच आहे. शनिवारच्या स्वस्तातल्या खेळांमधले चकचकीत नायक त्याचा आदर्श.

म्हणजे नियमपुस्तकात इतिहास आणि सिनेमा एकाच रांगेत बसलेत. खरा गुराखी आणि त्याची पडद्यावरची नक्कल, दोघांनाही सारखाच मान. म्हणून या खेळात कमरेला कोणता पट्टा बांधायचा हा प्रश्न नुसत्या खरेदीचा राहत नाही. तुम्ही कोणती गोष्ट खरी मानता, याचं ते उत्तर असतं. मी हा खेळ खेळलेलो नाही, तो फोनच्या पडद्यावर पाहिलाय. बंदूक विकत घ्यायची इच्छाही नाही. पण चामड्याच्या एका तुकड्यात इतकी समीक्षा दडलेली असू शकते, याचं कुतूहल मात्र सुटत नाही.

खऱ्या कमरेवर काय होतं?

1850च्या दशकात, कोल्टची लांब नळीची रिव्हॉल्व्हरं कमरेला आली तेव्हा दोन प्रकारची म्यानं दिसत. सैन्याचं म्यान वरून झाकण असलेलं असे. दुसरं कॅलिफोर्निया पद्धतीचं, बंदुकीच्या अंगाबरोबर निमुळतं होत जाणारं. त्याला पुढे 'स्लिम जिम' नाव पडलं. 1870च्या दशकात आणखी एक घडण पसरली, 'मेक्सिकन लूप'. एकाच मोठ्या कातड्यातून म्यान आणि त्याच्या मागचा पडदा कापायचा, पडद्याला आडव्या चिरा द्यायच्या आणि म्यान त्या चिरांमधून ओवून घ्यायचं. शिवण कमी, दुरुस्ती सोपी, आणि पट्ट्यावर हवं तिथे सरकवता येतं.

तिन्हींत एक गोष्ट समान आहे. बंदूक उंचावर, कमरेशी बसते आणि खोल बसते. कारण उघड आहे. ज्याचा दिवस घोड्यावर, काटेरी झुडपांत आणि गुरांच्या मागे जातो त्याला बंदूक पटकन निघण्यापेक्षा ती पडणार नाही याची काळजी जास्त असते. पडली तर महिन्याभराची मजुरी मातीत.

'मेक्सिकन लूप' या नावात एक कबुलीही आहे. गुरं राखायचं काम, खोगीर, दोर, कपडे, यातलं कितीतरी मेक्सिकन 'वाकेरो'कडून आलं. हॉलिवूडच्या गोऱ्यागोमट्या नायकाने वाकेरोला पडद्यावरून जवळपास पुसून टाकलं. काळ्या गुराख्यांचंही तेच झालं. कातड्याच्या एका घडणीच्या नावात मात्र तो इतिहास टिकून राहिला. वस्तूंची नावं कधीकधी सिनेमापेक्षा प्रामाणिक असतात.

आणि समोरासमोरची ती प्रसिद्ध लढाई? ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावी 26 ऑक्टोबर 1881 रोजी ओ.के. कोरलजवळ गोळीबार झाला. गावात हत्यार बाळगायला बंदी होती आणि ती बंदी अमलात आणण्यावरूनच तो प्रसंग पेटला. अर्धा मिनिट, तीसेक गोळ्या. वायट अर्पने नंतर साक्षीत सांगितलं की त्याचं पिस्तूल ओव्हरकोटाच्या खिशात होतं. वेस्टर्न दंतकथेतला सर्वांत मोठा नायक त्या दिवशी होल्स्टरशिवाय लढला. त्यावर निघालेले सिनेमे बघताना हा खिसा आठवावा.

खाली, अजून खाली

मग मांडीवर लोंबणारं, दोरीने पायाला बांधलेलं, हाताच्या बोटांपाशी येणारं ते होल्स्टर आलं कुठून?

त्या घडणीचं नाव 'बुस्कादेरो'. पट्टा खालच्या बाजूला रुंद होतो, त्या रुंद भागाला चीर असते आणि म्यान त्या चिरेतून लटकतं. तिचा संबंध साधारण 1920च्या दशकातल्या टेक्सासशी, एल पासोच्या सॅम मायरेस यांच्या चामड्याच्या कारखान्याशी जोडला जातो. म्हणजे काउबॉयचा काळ संपून एक पिढी उलटल्यावर. हॉलिवूडने ती घडण उचलली आणि मागे नेऊन 1870 आणि 1880च्या कमरांवर बांधली. 1950च्या दशकात आर्व्हो ओहाला या नेमबाजाने म्यानाच्या दोन थरांमध्ये पोलादी पत्रा घातला. त्यामुळे म्यान आवळून बसेना, रिव्हॉल्व्हरचं चक्र आतच फिरायला लागलं आणि बंदूक बाहेर येण्याआधीच घोडा ओढता येऊ लागला. ओहालाने अनेक नटांना झटपट बंदूक काढायला शिकवलं. 'गनस्मोक' (1955–75) या मालिकेच्या सुरुवातीला मार्शल डिलनसमोर उभा राहणारा माणूस म्हणजे तोच.

याला सरसकट खोटेपणा म्हणणं मला पटत नाही. सिनेमाची स्वतःची गरज असते. बंदूक कमरेला उंच असली तर हात कोपरातून वाकवावा लागतो, खांदा वर येतो, ते चित्र बेढब दिसतं. ती मांडीवर आली की हात सैल सोडलेला दिसतो, शांत दिसतो, आणि त्या शांततेत धोका दिसतो. बुस्कादेरो ही कॅमेऱ्यासाठी शिवलेली वस्तू आहे आणि तेवढ्यापुरती ती उत्तम आहे. आपल्याकडे 'शोले'मध्ये (1975) गब्बरचा चेहरा दिसायच्या आधी खडकावरून ओढत येणाऱ्या पट्ट्याचा आवाज येतो. चामडं आणि धातू संवादाआधी बोलू शकतात, हे वेस्टर्नकडून शिकलेलं आपल्या सिनेमानेही नीट वापरलं.

पण चांगला दिग्दर्शक या खोटेपणाबद्दल सावधही असतो. जॉर्ज स्टीव्हन्सच्या 'शेन'मध्ये (1953) छोटा जोई खेळण्यातली बंदूक बांधून येतो आणि शेन त्याला पहिली गोष्ट सांगतो ती ही की म्यान फार खाली आहे. ते कुठवर असावं हेही सांगतो. जोईची आई हे बघत असते. या खोऱ्यात एकही बंदूक नसती तर बरं झालं असतं, असं तिचं म्हणणं. एका म्यानाच्या उंचीवरून सुरू झालेलं बोलणं दोन वाक्यांत सिनेमाच्या मूळ वादापाशी येतं.

घड्याळ काय दाखवतं

आता हीच चामडी मांडणी खेळात आणा.

खेळाच्या एका फेरीत साधारणपणे रिव्हॉल्व्हरच्या दहा गोळ्या, रायफलच्या दहा आणि शॉटगनच्या काही, असा क्रम असतो. एका हत्यारावरून दुसऱ्यावर जायचं असतं. म्हणजे पहिलं रिव्हॉल्व्हर पाच गोळ्यांनंतर म्यानात गेल्याशिवाय हात मोकळा होत नाही. बंदूक काढताना डोळे हाताला मदत करतात, कारण तेव्हा पुढे अजून काही घडलेलं नसतं. ठेवताना डोळे पुढच्या निशाण्यावर असतात, हात एकटा घरी जातो. दार उघडं आहे का, हे त्याला स्पर्शानेच कळायला हवं.

शिक्षाही या बाजूलाच कडक. रिकामी बंदूक हातातून पडली तर ती फेरी बाद. भरलेली पडली तर अख्ख्या स्पर्धेतून बाहेर. नळीचं तोंड 170 अंशांच्या रेषेबाहेर, म्हणजे मागे उभ्या असलेल्या माणसांकडे, वळलं तर तेही चालत नाही. म्हणून पोटावर आडवं म्यान वापरणारे बंदूक काढताना आणि ठेवताना आधी अंग वळवतात. म्यान उभ्या रेषेपासून 30 अंशांहून जास्त कललेलं नसावं, असाही नियम आहे. सिनेमाच्या सगळ्या लकबी या दोन-तीन आकड्यांपुढे निमूट बसतात.

मग चांगलं म्यान कोणतं? वरच्या सगळ्यातून उत्तर आपोआप निघतं.

पहिली कसोटी तोंडाची. बंदूक बाहेर असताना तोंड मिटता कामा नये. त्यासाठी चामडं जाड हवं, दोन थरांचं असलं तर उत्तम, आणि तोंडाशी शिवणीची पक्की कड हवी. मऊ म्यान दुकानात हाताला छान लागतं आणि मैदानावर बंदूक उपसली की कोमेजतं. त्यात परत ठेवायचं म्हणजे दुसऱ्या हाताने तोंड उघडून धरायचं. नेमका तोच हात नळीसमोर येतो.

दुसरी कसोटी मापाची. 'सगळ्या बंदुकांना बसेल' असं म्यान कुठल्याच बंदुकीला बसत नाही. कोल्ट सिंगल ॲक्शनच्याच नळ्या पावणेपाच, साडेपाच आणि साडेसात इंचांच्या मिळतात. म्यान त्या विशिष्ट बंदुकीवर ओल्या कातड्याने बसवून वाळवलेलं असावं.

तिसरी अस्तराची. आतून गुळगुळीत चामडं चांगलं. मखमलीसारखं मऊ लवदार अस्तर बघायला श्रीमंत वाटतं, पण ते धूळ धरून ठेवतं आणि बंदुकीला घासतं.

चौथी कसोटी पट्ट्याची, आणि इथेच बहुतेक लोक पैसे वाचवायला बघतात. दोन रिव्हॉल्व्हरचं वजन दोन किलोंच्या वर जातं, गोळ्या वेगळ्या. बारीक किंवा लिबलिबीत पट्टा या वजनाने पिळला जातो, म्यानाचं तोंड बाहेर कलंडतं आणि मग महागातलं म्यानही वाया. अडीच-तीन इंच रुंद, ताठ, कमरेच्या वळणाला धरून कापलेला पट्टा हवा. माप पँटच्या लेबलवरून घ्यायचं नाही. जिथे बांधणार तिथे, कपड्यांवरून टेप लावून घ्यायचं, आणि ते मधल्या भोकावर यावं. माणूस जाडही होतो, बारीकही होतो.

पाचवी कसोटी कातड्याची. हे म्यान झाडपाल्याने कमावलेल्या कातड्याचंच असायला हवं. रासायनिक क्रोम पद्धतीचं कातडं मऊ राहतं, दिलेला आकार धरत नाही. अमेरिकेत सेंट लुईसची हर्मन ओक ही टॅनरी 1881 पासून हेच काम करत आलीय. आपल्याला हे लांबचं वाटायचं कारण नाही. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून याच तत्त्वावर कमावतात. नवी कोल्हापुरी चावते आणि महिन्याभरात पायाची होते, ती याच गुणामुळे. ताठपणा आणि आकार लक्षात ठेवणं, हे दोन्ही त्या कातड्यात एकत्र नांदतात. आणि हे ज्ञान ज्या हातांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलं त्या हातांना समाजाने काय वागवलं, हे इथे वेगळं सांगायला नको. खोगिरं आणि म्यानं शिवणाऱ्या कारागिरांपैकीही फार थोड्यांची नावं उरली आहेत. त्यांचे पट्टे बांधून मिरवणाऱ्यांची मात्र सगळी.

पोस्टरवरून निवडू नका

बाजारात सिनेमाच्या नावाने पट्टे मिळतात. जॉन वेनसारखा, क्लिंट ईस्टवुडसारखा, शेनसारखा. हौस म्हणून ते ठीक आहे. पण नीट बघितलं तर यातही फरक दिसतो. 'रिओ ब्राव्हो'मधल्या (1959) जॉन वेनचं म्यान बरंच उंच, कमरेच्या जरा मागे बसतं. ते दिवसभर बांधून वावरणाऱ्या माणसाचं वाटतं. 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'मधल्या (1965) ली व्हॅन क्लीफचं म्यान पोटावर उंच आणि आडवं. त्यात घाई नाही, गणित आहे. पडद्यावरच्या पट्ट्यांतही विचार करून बांधलेले आणि नुसते मिरवायला बांधलेले असे दोन प्रकार आहेत, आणि ते ओळखता येणं ही सिनेमा बघण्याचीच एक पायरी आहे.

वर्षांचा घोळ तर विचारूच नका. 'द सर्चर्स' (1956) 1868 मध्ये सुरू होतो आणि त्यातल्या माणसांच्या हातात 1873 नंतरच्या बंदुका आहेत. तरी तो थोर सिनेमा आहे. तारखा चुकल्या म्हणून सिनेमा पडत नाही. बंदूक काढण्याला किंमत आणि ठेवण्याला शून्य, हा हिशोब मांडला की मात्र तो कुठेतरी खोटा होतो.

हाच निकष लावला तर क्लिंट ईस्टवुडचा 'अनफरगिव्हन' (1992) मला सगळ्यांच्या वर वाटतो. त्यात शेरीफ लिटल बिल एका स्वस्त कादंबरीकाराला तुरुंगात बसून समजावतो की लवकर बंदूक काढणारा जिंकत नाही, डोकं थंड ठेवणारा जिंकतो. अर्ध्या शतकाच्या वेस्टर्नवरची ही एका दृश्यातली समीक्षा आहे. पण त्याहून मोठा क्षण पुढे येतो. पहिल्यांदा माणूस मारलेला तो तरुण, स्कोफील्ड किड, रडत रडत आपलं रिव्हॉल्व्हर मनीच्या हाती देऊन टाकतो. आता मी कुणाला मारणार नाही, म्हणतो. ती बंदूक त्याच्या म्यानात परत जात नाही, कारण त्याच्याकडे आता तिच्यासाठी जागाच उरलेली नाही.

'शेन'च्या शेवटी हेच दुसऱ्या बाजूने येतं. गोळीबार संपतो, शेन पिस्तूल फिरवून झोकात म्यानात टाकतो, आणि तेवढ्यात जोईची हाक येते. वर अजून एक जण आहे. पिस्तूल पुन्हा बाहेर. माणूस मारल्यावर मागे फिरता येत नाही, असं तो नंतर त्या पोराला सांगतो आणि निघून जातो. बंदूक म्यानात गेली म्हणजे गोष्ट मिटली, हा जोईचा आणि आपला समज तिथे मोडतो.

माझ्या धंद्यात एक शिस्त आहे. कोणताही बदल लाइव्ह करण्याआधी तो मागे कसा घ्यायचा हे लिहून ठेवायचं. मागे यायची वाट माहीत नसेल तर पुढे जायचं नाही. कोडच्या बाबतीत हे जमतं. गोळीच्या बाबतीत नाही, आणि काउबॉय ॲक्शन शूटिंगला हे नेमकं कळलंय असं मला वाटतं. म्हणून निशाणे पोलादी पत्र्याचे, म्हणून सहावं घर रिकामं, म्हणून बंदूक पडली की घरी जा. खऱ्या जगातला जो भाग मागे घेता येत नाही, तेवढा त्यांनी खेळातून काढून टाकला. उरलं ते ठेवून दिलं : टोपी, टोपणनाव, टण्ण आवाज आणि चामड्याचा वास.

या खेळावर टीका करायला जागा आहे. ज्या देशात खऱ्या बंदुकांनी रोज माणसं मरतात, तिथे बंदुकीभोवती जत्रा भरवणं मला अस्वस्थ करतं. वाकेरोचा आणि काळ्या गुराख्याचा इतिहास टोपणनावांच्या गर्दीत अजूनही दुबळाच आहे. पण त्या जत्रेतला जो माणूस फुलाफुलांच्या नक्षीकडे दुर्लक्ष करून म्यानाच्या तोंडात बोट घालून बघतो, ते मिटतंय का, कड पक्की आहे का, पट्टा वजन पेलेल का, तो माणूस कित्येक दिग्दर्शकांपेक्षा बंदुकीकडे जास्त गांभीर्याने बघतोय.

आपल्या भाषेत तलवार 'उपसतात' आणि 'म्यान करतात'. दुसऱ्या कृतीला आपण वस्तूचंच नाव दिलं, क्रियापदच बनवलं तिचं. उपसायला मनगट पुरतं. म्यान करायला आधी म्यान चांगलं लागतं.